गुरवाचे लक्ष नैवेद्यावर : देवळाच्या चाकरीचा न मांडलेला हिशोब

‘गुरवाचे लक्ष नैवेद्यावर’ ही म्हण मराठीत इतकी रुळली आहे की ती कोणी केली असावी, हा प्रश्न कोणाला पडत नाही. ती केली नैवेद्य देणाऱ्याने. ज्याच्यावर केली, त्याच्या घरची चूल त्या नैवेद्यावर चालत होती. शिपायाचे लक्ष पगारावर असते म्हणून त्याची कोणी टिंगल करत नाही. गुरवाची मात्र शतकानुशतके चालली आहे. हा धागा त्या टिंगलीविरुद्ध आहे, आणि तिच्या उलट टोकाला असलेल्या भाबड्या कौतुकाविरुद्धही.

देवळाच्या सेवेकऱ्यांविषयी समाजमाध्यमांवर दोन चित्रे फिरतात. पहिल्या चित्रात पहाटे उठून निष्काम भावनेने देव पुजणारा भक्त दिसतो, ज्याला मोबदल्याची कल्पनाही नाही. दुसऱ्यात देवाच्या नावावर आयते खाणारा पोटभरू दिसतो. ही दोन्ही चित्रे काढणारे एकमेकांशी कडाडून भांडतात, पण त्यांची चूक एकच आहे : देवळातील सेवा हे काम होते, त्याला नेमलेला मोबदला होता आणि त्या मोबदल्यावर हक्क होता, हे दोघांनाही मान्य करायचे नाही.

इतिहासप्रेमी मंडळीही यातून सुटलेली नाहीत. वाईचा ढोल्या गणपती कोणी बांधला? गणपतराव भिकाजी रास्ते, १७६२. संगम माहुलीचा विश्वेश्वर? श्रीपतराव पंतप्रतिनिधी, १७३५. तासगावचे गणेश मंदिर आणि त्याचे उंच गोपूर? परशुरामभाऊ पटवर्धन, काम सुरू १७७९, पूर्ण १७९९. ही उत्तरे अचूक आहेत आणि पाठही असतात. पण तासगावचे देऊळ उभे राहायला वीस वर्षे लागली; ते झाडायला, धुवायला, त्यात दिवा लावायला गेली सव्वादोनशे वर्षे लागत आहेत. त्या सव्वादोनशे वर्षांतील एकाही माणसाचे नाव कोणाला सांगता येत नाही.

संस्थानिकांच्या व सरदारांच्या देवळांची व्यवस्था निराळी असे; तेथे बहुधा नेमणुकीचे पुजारी असत. सातारा-सांगलीच्या खेड्यांत मात्र महादेव, मारुती, भैरोबा, ग्रामदेवी यांची दैनंदिन पूजा मुख्यतः गुरवाकडे होती. गुरव हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या कामाची यादी पाहिली म्हणजे ‘पुजारी’ हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. पहाटे देऊळ उघडायचे, झाडायचे, नदीवरून किंवा विहिरीवरून पाणी आणायचे, देवाला स्नान घालायचे, गंध-फूल-बेल वाहायचा, संध्याकाळी दिवा लावायचा, घंटा-नगारा वाजवायचा. घराघरांतून आलेला नैवेद्य दाखवायचा. कोणी प्रश्न घेऊन आला तर कौल लावायचा. जत्रेत पालखी काढायची, त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ उजळायची, नवरात्रात घट बसवून नऊ दिवस राखायचे.

हे झाले देवळाच्या आतले. बाहेरचे काम याहून कमी नव्हते. गावातील लग्नकार्याला पत्रावळी आणि द्रोण गुरवाने पुरवायचे. श्रावणात घरोघर बेल पोचवायचा. अनेक ठिकाणी वाद्ये वाजवणेही त्याच्याकडेच. पत्रावळी म्हणजे काय, हे कागदी ताटांच्या काळात सांगावे लागते. वडाची किंवा पळसाची पाने तोडायची, वाळवायची, दाबून ठेवायची आणि काड्यांनी टाचायची. एका लग्नाला पाचशे पाने जेवली तर पाचशे पत्रावळी टाचाव्या लागत, आणि त्या टाचणारे हात बहुतेक वेळा गुरवाच्या घरातील बायकांचे असत. वतनाच्या कागदांत गुरवाचे नाव येते; या बायकांचे क्वचितच.

आता मोबदला. खळ्यावर धान्य निघाले की बलुतेदारांना वाटा मिळे. पण सर्वांना सारखा नाही. बलुतेदारांच्या तीन ‘कासा’ किंवा ओळी मानल्या जात : थोरली, मधली, धाकटी. प्रदेशाप्रमाणे या याद्या बदलतात. पण ज्या यादीचा सर्वाधिक उल्लेख होतो तीत धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव आणि कोळी आहेत. ही ओळ नीट वाचावी. हिंदूंचा जोशी, मुसलमानांचा मुलाणा आणि देवळाचा गुरव, म्हणजे गावातील सगळी धर्मकृत्ये करणारे, सर्वांत लहान वाट्याच्या रांगेत आहेत. शेतकऱ्याचा हिशोब रोखठोक होता : नांगर दुरुस्त करणारा सुतार आधी, देवाला आंघोळ घालणारा नंतर. कमी पडणारा भाग नैवेद्य, देवापुढची चिल्लर आणि कोठे कोठे देवस्थानच्या इनाम जमिनीचा तुकडा यांतून भरून निघावा, अशी अपेक्षा असे. एकीकडे बलुते कमी द्यायचे आणि दुसरीकडे नैवेद्याकडे बघतो म्हणून हसायचे, अशी ही गंमत आहे.

या हसण्यामागे शास्त्राचाही आधार उभा केला गेला. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीला कोणाला बोलावू नये याची यादी आहे; तीत वैद्य आणि मांसविक्रेता यांच्या शेजारी ‘देवलक’ आहे, म्हणजे मोबदला घेऊन देवाची पूजा करणारा. देवाच्या जवळ जाण्याबद्दल नव्हे, तर त्या कामावर पोट भरण्याबद्दल हा माणूस हलका ठरतो. शिवाचे निर्माल्य इतरांनी खाऊ नये, या समजुतीनेही तेच केले. ते खाण्याचा हक्क गुरवाला मिळाला आणि तो खातो म्हणून त्याचा दर्जा उतरला. हक्क आणि हलकेपणा एकाच ताटात वाढण्याची ही युक्ती जुनी आहे.

ही युक्ती फक्त कृष्णाकाठची असती तर तिला स्थानिक जातिव्यवस्थेचा एक प्रकार म्हणून बाजूला ठेवता आले असते. पण देवळाच्या चाकरांची कामे ज्या दुसऱ्या समाजाने बारकाईने लिहून ठेवली, त्या प्राचीन इस्राएलातही तीच गाठ सापडते. तेथे अहरोनाच्या वंशजांकडे याजकपद होते आणि लेवी वंशातील बाकीच्या घराण्यांकडे मंदिराची चाकरी.

बायबलमधील ‘गणना’ या ग्रंथात लेव्यांच्या तीन घराण्यांना कामे वाटून दिली आहेत. मंदिर तेव्हा तंबूचे होते, ते उचलून न्यावे लागे. गेर्षोनाच्या घराण्याने पडदे न्यायचे, मरारीच्या घराण्याने फळ्या, खांब आणि खुंट्या, कहाथाच्या घराण्याने पवित्र पात्रे. वय तीस ते पन्नास. त्या वयाचे पुरुष ८,५८० मोजले गेले. कहाथाच्या घराण्याला ही पात्रे खांद्यावर वाहून न्यायची होती, पण त्यांना हात लावायचा नव्हता. याजक आधी ती झाकून ठेवणार, मग हे उचलणार. स्पर्श झाला तर मरण. ओझे ज्याच्या खांद्यावर त्यालाच त्या वस्तूचा स्पर्श वर्ज्य, हे वाचताना मराठी वाचकाला फार लांब जावे लागू नये. यरुशलेमात पक्के मंदिर झाल्यावर लेवी द्वारपाल, गायक, कोठारांचे रक्षक झाले. भाकरी भाजण्याचे काम नेमून दिलेल्या घराण्यांचीही नोंद आहे.

मोबदला? लेव्यांना इतर वंशांसारखा जमिनीचा वाटा नव्हता. त्याऐवजी लोकांच्या उत्पन्नाचा दशांश. त्या दशांशाचा दशांश त्यांनी याजकांना द्यायचा. बळीच्या पशूचे ऊर आणि उजवी मांडी याजकाची, असे नियमच होते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एलीच्या मुलांची तक्रार येते ती याच पार्श्वभूमीवर : त्यांचा नोकर त्रिशूळासारखा काटा उकळत्या भांड्यात खुपसून वर येईल तेवढे मांस नेत असे, आणि कधी चरबी जाळण्याआधीच कच्चे मांस मागत असे. ग्रंथाचा राग वाटा घेण्यावर नाही. ठरलेल्या वाट्यापलीकडे हात घालण्यावर आहे. मराठी म्हण हा फरक करत नाही. तिच्या लेखी काट्याने ओरबाडणारा आणि आपला वाटा उचलणारा सारखेच.

मोबदला बंद झाला तर काय होते, याचे उत्तर नहेम्याच्या पुस्तकात आहे. इ. स. पू. पाचव्या शतकात नहेम्या यरुशलेमला दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याला मंदिर ओस पडलेले दिसले. लेवी आणि गायक आपापल्या शेतावर निघून गेले होते, कारण त्यांचे वाटे त्यांना मिळाले नव्हते. त्याने त्यांना भक्तीवर व्याख्यान दिले नाही. अधिकाऱ्यांना फैलावर घेतले, दशांश पुन्हा कोठारात आणवला, वाटपावर विश्वासू माणसे नेमली आणि लेव्यांना जागेवर आणले. निष्काम सेवेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य वाचावा. पोट रिकामे असेल तर देवाचा गायकही नांगर धरतो, आणि त्यात त्याची भक्ती कमी असल्याचे काहीच सिद्ध होत नाही.

पाळीचेही तसेच. यरुशलेमात याजकांचे चोवीस वर्ग होते आणि प्रत्येकाची पाळी एका आठवड्याची. इकडे माण तालुक्यातील म्हसवडच्या सिद्धनाथ मंदिरात वर्षभराची पूजा ज्याच्याकडे येते त्या गुरवाला ‘सालकरी’ म्हणतात. एका घराण्याची चार घरे झाली, चाराची सोळा झाली, की हक्काचे तुकडे पडत जातात : वर्षाचे महिने, महिन्याचे दिवस. दोन-तीन वर्षांनी आठ दिवसांची पाळी आली तर त्या आठ दिवसांतच मागचे-पुढचे भागवावे लागते. देवळात दक्षिणेची घाई दिसते तिचे एक कारण लोभ असेलही. दुसरे हे गणित आहे. पण ते मांडायला कोणी बसत नाही.

येथपर्यंतचे सारे आतल्या वर्तुळातील लोकांविषयी झाले. गुरवाची बाजू घेताना एक गोष्ट लपवून चालणार नाही : त्याला हक्क तरी होता. देवळाची चाकरी उंबरठ्याच्या बाहेरही तेवढीच होत असे. जत्रेत सनई-हलगी वाजवणारे होलार आणि मांग, पालखीचे भोई, दिव्याला तेल देणारा तेली, घट देणारा कुंभार, रथाची चाके दुरुस्त करणारा सुतार. आणि सगळ्यांत शेवटी महार : लाकूडफाटा आणायचा, मेलेले जनावर ओढायचे, सणावाराची हलकी म्हणून ठरवलेली कामे करायची आणि देव मात्र लांबून पाहायचा. ज्याच्या वाद्यावाचून पालखी हलत नाही त्याला पालखीतला देव शिवू द्यायचा नाही, हा नियम कहाथाच्या घराण्याच्या नियमापेक्षा कठोर होता. लेव्यांचा मान त्या कामाने वाढला. इकडे कामानेच माणूस खाली गेला.

या चाकरीलाही ‘वतन’च म्हणत. गुरवाच्या घरी तो शब्द अभिमानाने उच्चारला जाई, महारवाड्यात त्याच शब्दाने माणूस बांधला जाई. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्या मुलाचे नाव दाखल झाले, त्याने पुढे १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले. डॉ. आंबेडकरांचा मुद्दा साधा होता : तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या राबवणे हा मान नसून वेठ आहे. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडले. जुन्या गावगाड्याचे गोड चित्र रंगवताना ‘प्रत्येकाला आपले काम, प्रत्येकाला आपला मान’ असे लिहिणाऱ्यांनी हे मधले तीस वर्षांचे भांडण गाळू नये.

याच्याही पलीकडे एक वर्तुळ आहे. तेथे माणूस काम देत नाही. माणूसच दिला जातो. बायबलमध्ये ‘नथीनीम’ नावाचे मंदिरदास येतात. हिब्रूत या शब्दाचा अर्थच ‘दिलेले’ असा आहे. यहोशवाच्या पुस्तकात गिबोनकरांना वेदीसाठी लाकूड तोडणारे आणि पाणी भरणारे म्हणून नेमल्याची कथा आहे; पुढच्या परंपरेने त्यांचा संबंध या नथीनीमांशी जोडला. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या यादीत, एज्राच्या पुस्तकात, नथीनीम आणि शलमोनाच्या चाकरांचे वंशज मिळून ३९२ मोजले आहेत, घराण्यांच्या नावांनिशी. सर्वांत खालच्या चाकरांची नावे लिहून ठेवावीत असे त्या लेखकाला वाटले, ही नोंद महत्त्वाची आहे.

कराड तालुक्यातील पालीच्या खंडोबाला पौषात यात्रा भरते, जतच्या यल्लम्माची मार्गशीर्षात. या दैवतांना मुली वाहिल्या जात : खंडोबाची मुरळी, यल्लम्माची जोगतीण. ‘वाहणे’, ‘सोडणे’ ही क्रियापदे ‘दिलेले’ या शब्दाहून वेगळी नाहीत. फरक एवढाच की या मुलींची यादी कोणी ठेवली नाही. देवाच्या नावाने भंडारा उधळणे, गाणे, जोगवा मागणे ही त्यांची कामे. त्याबद्दल ना बलुते, ना इनाम, ना पाळी. लग्नाचा हक्क गेला तो कायमचा. विसाव्या शतकाच्या आरंभी विठ्ठल रामजी शिंदे आणि शिवराम जानबा कांबळे यांनी मुरळीच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. कांबळ्यांचे ‘सोमवंशीय मित्र’ १९०८ मध्ये निघाले आणि त्यातून हा प्रश्न मांडला गेला. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा १९३४ मध्ये झाला. महाराष्ट्राला आपला स्वतंत्र निर्मूलन कायदा करावा लागला तो २००५ चा. कायद्यांमधील हे अंतर सत्तर वर्षांचे आहे.

येथे इंटरनेटवरील एका लाडक्या विधानाचा समाचार घेणे भाग आहे. ‘देवदासी जगभर होत्या, बायबलमध्येही मंदिरवेश्या आहेत’, असे ठोकून दिले जाते आणि त्यावर टाळ्या पडतात. आधार दिला जातो तो ‘कदेशा’ या हिब्रू शब्दाचा. हा शब्द ‘पवित्र’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे, एवढे खरे. परंतु मंदिरात धर्मकृत्य म्हणून वेश्याव्यवसाय चाले, या कल्पनेला एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी जेवढे उचलून धरले तेवढा पुरावा मिळालेला नाही. आजचे अनेक संशोधक ती नाकारतात. या तुलनेतला खरा दोष मात्र नैतिक आहे. ‘सगळीकडे होतेच’ असे म्हटले की पालीच्या किंवा जतच्या यात्रेत सोडलेल्या मुलीबद्दल उत्तर देण्याची कोणाची जबाबदारी उरत नाही.

आता आजचा प्रश्न. देवस्थान इनाम महसुली भाषेत वर्ग ३ चे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने दक्षिण मराठा मुलखातील इनामांची छाननी केली, तेव्हापासून ‘ही जमीन देवाची की पुजाऱ्याची’ हा वाद कागदावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले की मालक देव. पुजारी हा व्यवस्थापक, मालक नव्हे. निर्णय योग्य आहे. देवाची जमीन पुजाऱ्याने विकावी, याचे समर्थन कोणी करू नये. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे हक्क २०१४ मध्ये संपले, कोल्हापूरच्या अंबाबाईसाठी पगारी पुजाऱ्यांचा कायदा २०१८ मध्ये झाला, तेही योग्य. वंशाने मिळणारा देवाजवळचा हक्क जावा आणि कामाला पगार असावा.

पण पगार हा शब्द उच्चारला की हिशोब पूर्ण करावा लागतो. पंढरपूर-कोल्हापूरच्या देवाला पेटी आहे. माण-खटाव किंवा आटपाडी-जतच्या आडगावातील मारुतीला नाही. तेथे बलुते बंद झाले, पत्रावळीची जागा कागदाने व थर्माकोलने घेतली, इनामाचा तुकडा वाद्यांत किंवा वाटण्यांत अडकला. राहिले ते पहाटेचे झाडणे आणि संध्याकाळचा दिवा. हे काम गावाला हवे आहे, त्याचे पैसे कोणी द्यायचे हे मात्र ठरलेले नाही. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या ताब्यात कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातील तीन हजारांहून अधिक देवळे आहेत. त्यांपैकी मोजकीच उत्पन्नाची. २०२३ च्या अर्थसंकल्पात गुरव समाजासाठी संत काशिबांच्या नावाने महामंडळाची घोषणा झाली. कर्ज मिळेल, उद्योग निघतील. पण देऊळ झाडण्याची मजुरी हा प्रश्न त्या घोषणेच्या कक्षेतच येत नाही.

तरुण अभ्यासकांना करण्यासारखे काम पुष्कळ आहे, आणि त्यासाठी गड चढावा लागत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात देवस्थानांच्या नेमणुकांचे आणि खर्चाचे कागद आहेत. नंदादीपाला तेल किती, नैवेद्याला तांदूळ किती, झाडणाऱ्याला काय, वाजवणाऱ्याला काय, हे त्यांत शेर-पायलीच्या हिशोबाने सापडते. मोडी शिकलेल्या माणसाने बांधणाऱ्याच्या शिलालेखावर थांबू नये. पुढचा कागद उलटावा. गावच्या गुरवकीच्या तंट्यांचे महजर वाचावेत, त्यांत कोणाची साक्ष घेतली आणि कोणाची घेतली नाही ते पाहावे. देवळाच्या माहितीफलकाचा किंवा चित्रफितीचा मजकूर लिहायची वेळ आली, तर ‘बांधले’ या ओळीखाली ‘चालवले’ अशी आणखी एक ओळ घालावी आणि तीत गुरवाच्या घराबरोबर हलगी वाजवणाऱ्याचे घरही लिहावे.